लाइट गेली तर काय वाजवणार? गिटार, लॅपटॉप आणि फिरतीची गाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, मी चोवीस वर्षांचा, राजारामपुरीत राहतो, डिप्लोमा झालाय, एमआयडीसीत नोकरी करतोय. गिटार सहा वर्षं वाजवतोय, लॅपटॉपवर बीट बनवतो, स्वतःची मराठी गाणी आठ-दहा आहेत. नोकरी सोडून गावोगाव फिरत हेच करायचंय. कोल्हापुरात राहून जमतं का, का पुण्या-मुंबईला जायलाच लागतंय? पैसे किती मिळतात? घरी काय सांगू? आणि गियर कुठलं घेऊ?"

भावा, गियरचं, म्हणजे सामानाचं, अगदी शेवटी सांगतो, कारण जो तो तिथनंच सुरुवात करतो आणि तिथंच रुततो. मी सोळा-सतरा वर्षं हेच करतोय, गिटार, लॅपटॉप, एक लूप पेडल (वाजवलेलं परत परत वाजवत राहणारं) आणि आपली गाणी घेऊन फिरायचं, घर मंगळवार पेठेत, वय एक्केचाळीस. तुला आधी एक विचारतो, बाकीचं बरंचसं त्यावर ठरतंय. लाइट गेली तर तू काय वाजवणार?

माझं झालंय म्हणून विचारतोय. अगदी सुरुवातीचे दिवस, इचलकरंजीच्या पुढं एका गावात कॉलेजचं गॅदरिंग होतं, आणि माझं गाणं असं की पहिली दीड मिनिटं नुसता सिंथचा, म्हणजे मशीनच्या लांब सुरांचा, ढग, मग किक, म्हणजे ढोलासारखा खालचा ठोका, येणार, मग मी गिटारवर दोन सूर छेडणार आणि पोरं नाचणार, असं आपलं मनातल्या मनात. तिसऱ्या मिनिटाला जनरेटर बसला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच, स्क्रीनवर गाणं इमानदारीत पुढं सरकतंय, पण कॉलम बंद, स्टेजवर अंधार, आणि समोर तीन-चारशे पोरं मोबाइलचे टॉर्च लावून माझ्या तोंडाकडं बघतायत. मागनं एकजण ओरडला, "आता वाजव की नुसतंच!" आणि माझ्याकडं वाजवायला काही नव्हतं. म्हणजे ते दोन सूर होते, शब्द चार ओळींचे, बाकी सगळं गाणं मशीनच्या पोटात. वीस मिनिटं लाइट नव्हती, त्यातली दोन मिनिटं मी गायलो आणि अठरा मिनिटं गिटार ट्यून करत असल्याचं नाटक केलं.

घरी येऊन महिनाभर लॅपटॉप उघडला नाही. एकेक गाणं काढायचं, नुसत्या गिटारवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गायचं, आणि मध्ये कुठं "इथं बीट येईल मग मजा येईल" असं वाटलं की ते गाणं बाजूला. अकरातली चार उरली. त्या चारांवर मी पुढची दोन वर्षं काढली, आणि खरं सांगायचं तर नाव झालं ते त्या चारांचंच. तुझी आठ-दहा आहेत म्हणतोस, ती अशी चाळून बघ, तीन उरली तरी खूप झाली.

आता कुणी म्हणेल मग इलेक्ट्रॉनिक कशाला, नुसती गिटार घेऊन गा की. तर तसं पण नाही. गिटारला खालचा दम नाही, मोठ्या मैदानावर एकट्या गिटारचा आवाज विरून जातो, आणि आपली माणसं कानापेक्षा छातीनं ऐकणारी, हलगी-घुमकं ऐकत वाढलेली. मशीन ही काही काल-परवाची गोष्ट पण नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यं वाजवणारे चरणजीत सिंग, गिटार पण वाजवायचे, त्यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची टीआर-८०८ हे तालाचं आणि टीबी-३०३ हे बासचं मशीन घेऊन रागांवर अख्खी रेकॉर्ड केली होती. ८०८ बाजारात येऊन दोन वर्षं आणि ३०३ येऊन एकच वर्ष झालेलं तेव्हा. त्या काळी फारसं कुणी विचारलं नाही, पंचवीस-तीस वर्षांनी जग जागं झालं. सांगायचा मुद्दा एवढाच की आपल्याकडचं संगीत मशीनवर बसवायला परवानगी काढायची गरज नाही, फक्त कुठं काय बसतं ते कळायला पाहिजे.

यात एक गंमत सांगतो जी मला फार उशिरा कळली. मोठ्या अभंगाची मोजणी सहा-सहा-सहा-चार, बावीस अक्षरं. आता चार मात्रांचे चार बार, म्हणजे ठेक्याचे चार तुकडे, घे, प्रत्येक बारात आठ खाने, म्हणजे बत्तीस. पहिल्या तीन बारात सहा अक्षरं आणि दोन खाने रिकामे, चौथ्यात चार अक्षरं आणि चार रिकामे. बसलं की नाही चपखल? ते रिकामे खाने म्हणजेच टाळ वाजायची जागा, श्वास घ्यायची जागा, आणि वारकऱ्यांना हे कुणी सॉफ्टवेअरवर दाखवलेलं नव्हतं. नवीन पोरं काय करतात, तो रिकामा भाग बघून घाबरतात आणि तिथं हायहॅट, रायझर, कुणाचा तरी "हे!" असलं काहीबाही कोंबतात. मग शब्द ऐकूच येत नाहीत. मी स्वतःची गाणी लिहितानाही आता अक्षरं मोजतो, आणि शेवटचा चरण मुद्दाम आखूड ठेवतो, तिथं गिटारला बोलू देतो.

हलगीचं मात्र उलटं आहे, ती खान्यात बसत नाही. एकदा एका हलगीवाल्या मामांना घरी बोलावलं, पावसाळ्याचे दिवस, आषाढ चाललेला. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "शेकायला काय हाय?" हलगीचं कातडं ओल्या हवेत सैल पडतं, जाळावर शेकल्याशिवाय तिचा तो कडक आवाज निघत नाही, आणि माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला फोम लावलेला, तिथं कुठला जाळ करायचा. शेवटी आईच्या गॅसवर शेकली. स्वयंपाकघरात हलगी गरम करायची, पळत वर यायचं, पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्ड, की आवाज उतरायला लागायचा, परत खाली. त्या दिवशी आमच्यात आमटी दुपारी तीनला झाली.

पण खरी अडचण नंतर कळली. मी त्यांच्या कानात १२८ चा क्लिक, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांची टकटक, दिलेला, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला, "हे टकटक काढ, हात बांधल्यागत वाटतंय." बरं म्हटलं. वाजवलं त्यांनी, आणि मोजलं तर सुरुवात १२८ ला आणि शेवट १३७ च्या आसपास. मी रात्रभर बसून प्रत्येक ठोका ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आखलेल्या खान्यांवर, ओढला. सकाळी ऐकलं तर हलगी मेलेली. नुसता डबा वाजतोय. मग डोक्यात प्रकाश पडला आणि उलटं केलं, हलगी जशीच्या तशी ठेवली आणि सॉफ्टवेअरचा टेंपोच तिच्यामागं चालवला, दर दोन बारांना थोडा थोडा चढवत. किक, बास सगळं मामांच्या मागनं धावायला लागलं आणि गाणं उठलं. स्टेजवर आता ती चढण मी आधीच बसवून ठेवलेली असते, लोकांना कळत नाही पण पाय आपोआप जोरात पडायला लागतात. (मामांना ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात दिले आणि गाण्यात वादक म्हणून त्यांचं नाव घातलं. हे न करणारे खूप बघितलेत, "एक्स्पोजर मिळेल" म्हणून म्हाताऱ्या माणसाला चहावर कटवतात. तू तसला होऊ नको.)

तसंच तंबोऱ्याचं. पॅड, म्हणजे गाण्याच्या तळाशी सतत चालणारा सूर, म्हणून सगळे तेच तेच तयार रेकॉर्डिंग वापरतात, अरे मिरज इथं पन्नास किलोमीटरवर आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन पण मिळालं, आणि तुम्ही परदेशातल्या कुणी विकलेला तंबोरा डाउनलोड करताय. मी एका कारागिराकडं अर्धा दिवस बसलो, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना तो दोरा तारेखाली कसा सरकवतो ते बघितलं, केसभर सरकला की आवाज उघडतो, अजून केसभर की बंद. काळी एकमध्ये लावून वीस मिनिटं रेकॉर्ड करून आणलं, आजवर माझ्या निम्म्या गाण्यांच्या तळाशी तोच आहे. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून सीचा आकार पकडला की काळी एक आलीच. संवादिनी वाजवणारा कुणी पाहुणा आला तर त्याच्याशी "सी शार्प" करत बसू नको, काळी एक, पांढरी चार असंच बोल, पटकन जमतं.

आता स्टेज. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण फिरतीवर माणूस गाण्यानं कमी आणि वायरीनं जास्त मरतो.

आपल्याकडं हॉल असो नाहीतर मंडप, साउंड बहुतेक वेळा मोनो असतो, दोन्हीकडच्या कॉलमना एकच आवाज. तू घरी हेडफोनवर डावीकडनं उजवीकडं फिरणारा डिले लावून खूश होतोस, तिथं त्यातलं काही उरत नाही, उलट रुंद केलेला सिंथ मोनोत आला की स्वतःलाच खाऊन टाकतो, गायबच होतो. म्हणून प्रत्येक ट्रॅक मोनो करून ऐक, जो टिकेल तोच सेटमध्ये. दुसरं, गिटारची जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, किक पन्नास-साठला, बास त्यांच्या अंगाखांद्यावर. तिघांना एकाच दारातनं आत घुसायचंय. बीट चालू असताना गिटारचं १०० ते १२० च्या खालचं मी कापून टाकतो, आणि बीट बंद करून एकटी गिटार ठेवली की ते परत सोडतो. हे फुटस्विचवर ठेवलंय. नुसत्या एवढ्यानं साउंडवाल्याशी होणारी निम्मी भांडणं मिटली.

शिट्टीचं, म्हणजे फीडबॅकचं, मूळ बहुधा अकूस्टिक गिटारच्या पोटातल्या हवेत असतं, शंभर-दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यात. गिटारच्या भोकाला रबरी झाकण मिळतं, ते बसवलं की मोठ्या आवाजातही बाई शांत राहते. साउंडवाला "फेडर खालीच घेतो" म्हणायच्या आत झाकण लाव.

लेटन्सीवरनं, म्हणजे तार छेडल्यावर आवाज यायला लागणाऱ्या उशिरावरनं, इंटरनेटवर पोरं एकमेकांचे गळे धरतात. साधा हिशोब आहे, आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. बफर म्हणजे लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढं सोडतो तो तुकडा, ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदाच्या आसपास, जाऊन-येऊन आणि मशीनची आतली कटकट धरून सात-आठ, म्हणजे अॅम्प तुझ्यापासून अडीच मीटरवर ठेवल्यासारखं, चालतंय. ५१२ वर ठेवलास की जाऊन-येऊन एकवीसच्या वर जातं, तेव्हा हात आणि कान वेगळे पडतात. पण उन्हात तापलेल्या जुन्या लॅपटॉपवर १२८ ठेवलं तर तो मध्येच तडतडतो, म्हणून मी गिटार लॅपटॉपमधनं नेतच नाही. गिटार पेडलमधनं सरळ डीआय बॉक्सला, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीला, लॅपटॉप फक्त बीटला. लॅपटॉप अडकला तरी गिटार चालू. आलास का परत लाइटच्या मुद्द्यावर?

आणि अर्थिंग. हे हसण्यावारी नेऊ नको. मंडपात तिसरी पिन नुसती शोभेला असते, गिटारच्या तारेला हात आणि माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, कधी कधी त्याच्यापेक्षा जास्त. माझ्या बॅगेत टेस्टर आणि मल्टिमीटर कायम असतो, साउंडचेकला आधी माईकच्या जाळीला टेस्टर लावतो. पेटला तर अर्थिंग नीट होईपर्यंत वाजवत नाही, मग आयोजक कितीही "आमच्याकडं मोठमोठे कलाकार येऊन गेले" म्हणू देत. कॉलममधनं हम, म्हणजे सतत गुणगुण, येतोय म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे महाभाग पण भेटतील, त्यांना हात जोड आणि डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाब, ते फक्त सिग्नलच्या वायरीचं काम करतं, जीवाशी खेळत नाही. लॅपटॉपला लहानसा यूपीएस ठेव.

कोल्हापुरात राहून जमतं का, तर माझं उत्तर जमतं, आणि मला वाटतं इथंच जास्त चांगलं जमतं. पुण्यात माझ्याबरोबरची तीन पोरं गेली, चांगली वाजवणारी, दोघं आता ऑफिसात आहेत. का, तर भाडं भरायला दर शुक्रवार-शनिवार पबमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवायची आणि सोमवारी अंगात काही उरायचं नाही. कोल्हापूरचं काय आहे, घर घरचं, जेवण घरचं, आणि नकाशा बघ जरा, बेळगाव शंभर-सव्वाशे किलोमीटर, पुणे सव्वादोनशे-अडीचशे, गोवा तेवढाच, पुढं हुबळी, धारवाड, बेंगळुरू एकाच हायवेवर. मुंबईला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी सीएसएमटी, लॉजचे पैसे वाचले. उद्यमनगरात तर काहीही बनवून मिळतं, माझा पेडलबोर्ड एका वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा बनवून घेतलाय, ब्रँडेडच्या चौथाईत झाला, एकदा एसटीच्या टपावरनं पडला तरी वाकला नाही. गिटार मात्र टपावर कधी टाकायची नाही, मांडीवर घेऊन बस, कंडक्टर दोन शब्द बोलेल, ऐकून घ्यायचे.

उणं काय ते पण सांगतो. इथं स्वतःची गाणी ऐकवायला जागा कमी. देवल क्लब १८८३ पासूनचा, तिथली मैफल ऐकून माझे कान झाले, पण तो रागदारीचा दरबार, आपलं सामान घेऊन तिथं जाण्यात अर्थ नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, त्या रात्री निम्मं गाव तिथं उभं होतं, मी पण होतो, बोलावंसं वाटत नाही त्यावर. मग राहिले कॅफे, कॉलेजं, कुणाच्या तरी गच्चीवरच्या बैठका. गच्चीवरच्या बैठका कमी लेखू नको, चाळीस माणसं जमिनीवर बसून शब्द ऐकतात, दुसऱ्या दिवशी त्यातले पाचजण फोन करतात.

दुसरी अडचण नावाची. गिटार दिसली की लोक हिंदी गाण्यांची फर्माईश करतात आणि लॅपटॉप दिसला की डीजे समजतात. एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला विचारलंय, "डॉल्बी कुठाय तुझी?" मी म्हटलं एवढंच सामान आहे, तर ते बॅगेकडं बघून म्हणाले, "मग ट्रॅक्टर कशाला पाठवला आम्ही?" आता बुकिंग घेताना दोन मिनिटांचा व्हिडिओ आधीच पाठवतो, फोनवर काढलेला साधा, म्हणजे कुणाची फसगत नको. आणि वेळ विचारून घे. उघड्या जागी रात्री दहानंतर स्पीकर बंद, २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सूट मिळते. आयोजक नऊला भाषणं सुरू करतात आणि तुला पावणेदहाला चढवतात. माझ्याकडं म्हणून पंधरा मिनिटांचा सेट वेगळा बसवलेला आहे, आणि दहाला साउंड बंद झाला तर खाली उतरून माईकशिवाय दोन गाणी म्हणतो. बऱ्याचदा लोकांच्या लक्षात तीच राहतात.

पैसे. पहिल्या शोचे मला पंधराशे मिळाले होते आणि जेवण. आज कसं आहे, सीझन दिवाळीनंतर सुरू होतो, डिसेंबर ते फेब्रुवारी गॅदरिंग, गोव्यात मार्चपर्यंत, मग लग्नं, आणि जून ते ऑगस्ट जवळपास शून्य. तीन महिने शून्य हे डोक्यात धरूनच हिशोब मांडायचा. मी पावसाळ्यात शिकवण्या घेतो, जिंगल करतो, सोनारांच्या, साड्यांच्या दुकानांच्या, आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी. कारखान्याची नाहीतर दूध संघाची निवडणूक लागली की इथं गाणाऱ्यांना सुगी असते. एकच नियम, पैसे सगळे आधी. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो, दोन्हीकडनं बुडतोस. असली कामं केली म्हणून कलाकार बाटतो वगैरे मला मान्य नाही, तीस सेकंदात चाल लोकांच्या तोंडी कशी बसवायची ते मी गुळाच्या जाहिरातीत शिकलो.

स्ट्रीमिंगवर घर चालेल असं धरू नको. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मोजत नाहीत. तरी गाणी टाकायचीच, ते आपलं व्हिजिटिंग कार्ड आहे. कॉलेज, कंपनीवाले टीडीएस कापतात, तो रिटर्न भरून परत घ्यायचा असतो हे मला सहा वर्षांनी कळलं, तुला आज सांगितलं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेतोवर जीएसटीचा विचार नको, तोवर डोक्याला ताप नाही.

हक्कांचं मात्र पहिल्या दिवसापासून बघ. शब्द तुझे, चाल तुझी, तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सदस्य हो. जुनी संस्था आहे, १९६९ ची. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान हिस्सा मिळायचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात आला, आणि तो कुठल्या कंपनीला लिहून देता येत नाही, कुणी करारात तसं घातलं तरी. मला एका लेबलनं बारा पानी करार दिलेला, वकील मित्रानं नवव्या पानावर बोट ठेवलं, "सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे." विश्वात! मी म्हटलं मंगळावर वाजलं तर निदान कळवा तरी. सही केली नाही, आणि त्या गाण्याचे सगळ्यात जास्त पैसे मला पुढं एका पर्यटनाच्या व्हिडिओतनं मिळाले.

अभंग, ओव्या, पोवाडे घेऊन बीट लावणाऱ्यांसाठी एक. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द मोकळे होतात, तेव्हा तुकोबांचे शब्द सगळ्यांचे. पण तू यूट्यूबवर ऐकलेली चाल कुणा संगीतकाराची असते आणि ते रेकॉर्डिंग अजून कुणाचं तरी. शब्द गाथेतनं घे आणि चाल स्वतः लाव. आणि धनगरी ओवी कुणा आजोबांकडनं ऐकून आणलीस तर कायदा काही म्हणो, त्यांना सांगून घे, गाणं झालं की जाऊन ऐकव.

नोकरी. लगेच सोडू नको. वर्षभर शनिवार-रविवार कर, एमआयडीसीत शिफ्ट असेल तर मित्राशी बदलून घे. बँकेत सहा महिन्यांचा खर्च आणि पुढच्या सीझनच्या दहा तारखा लिहून आल्या की मग घरी बोल. घरी काय सांगायचं म्हणशील, तर मी भावनेत बोलायला गेलो तेव्हा बाबांनी पेपरमधनं डोकं वर काढलं नाही, ते फौंड्रीत जन्म घालवलेले. मग एका वर्षी वही दाखवली, तारीख, गाव, आले किती, गेले किती. त्यांनी चष्मा लावून तासभर बघितली आणि म्हणाले, "बेळगावचे पाचशे कमी लिहिलेस." खरंच कमी लिहिलेले होते. तेव्हापासनं हिशोब तेच बघतात.

आता राहिलं गियर. पिकअप असलेली बऱ्यापैकी अकूस्टिक, आहे तीच चालेल, फक्त पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाक, आपल्या हवेत मान वाकते आणि ब्रिज उचलतो. दोन इनपुटचा इंटरफेस, साधा लूपर, स्वतःचा माईक, स्वतःचा डीआय, प्रत्येक वायर दोन दोन, जास्तीच्या तारा, एक्स्टेन्शन बोर्ड. लॅपटॉप आहे तोच. बाकी यूट्यूबवर जे बघून रात्री झोप लागत नाही ते पहिल्या वर्षी नको.

आणि ती तीन गाणी उरली की मला पाठव. बीट न लावता, नुसती गिटार आणि आवाज, फोनवरच रेकॉर्ड कर. पंख्याचा आवाज आला तरी चालेल.